बोडक्या टेकाडावरचं दार

त्या मुलखात कुणालाच पुरेशी झोप मिळत नव्हती. ससे चरता चरता पेंगत, हरणं उभ्या उभ्या डोळे मिटत आणि दचकून उघडत, पाखरं एका फांदीवर सलग रात्र काढायला तयार नसत. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. रानकुत्री पूर्वी डोंगरापलीकडं असत, मग अलीकडं आली, आणि आता त्यांची शीळ कधी कुठून ऐकू येईल याचा नेम राहिला नव्हता. रोज आली असती तर एक वेळ अंगवळणी पडलं असतं. पण ती रोज येत नसत. महिना महिना फिरकत नसत, आणि त्या महिन्यांतच सगळे जास्त थकत.

साळिंदरांचे हाल तर विचारू नका. साळिंदराचा दिवस सूर्य बुडाल्यावर सुरू होतो आणि उजाडलं की संपतो. भर ऊन ही त्यांची झोपेची वेळ, आणि रानकुत्री नेमकी उन्हात शिकार करणारी. त्यामुळं साळिंदरांचे डोळे कायम तांबारलेले असत आणि बोलता बोलता ती मध्येच गप्प होत. आपण काय सांगत होतो हेच त्यांना आठवत नसे.

नाल्याकाठच्या तांबड्या दरडीत त्यांची वस्ती होती. एकाला लागून एक बिळं, प्रत्येकाला पुढचं दार आणि मागची वाट. तिथं एक जुना रिवाज होता. घरी परतलेल्यानं बिळाच्या तोंडाशी थांबायचं, पाठमोरं व्हायचं आणि शेपटीचे पोकळ काटे हलवून सळसळ करायची. प्रत्येक घराची सळसळ वेगळी. आतून तशीच सळसळ आली की मग शिरायचं. आता कुणी आजारी असतं, कुणाचे काटे म्हातारपणी झडलेले असतात. अशांनी दारात नुसतं उभं राहायचं. मग आतलं कुणीतरी पुढं येऊन नाक बाहेर काढी आणि त्यांना हुंगून घेई. वास वस्तीतला निघाला की झालं. साळिंदराच्या अंगावर मऊ जागा मोजक्याच, आणि नाक त्यांतली सगळ्यांत मऊ. ते असं दाराबाहेर काढायला छाती लागते. पण वस्तीत त्याचं कुणी कौतुक करत नसे. "बघ रे, जरा हुंगून घे," एवढंच म्हणत.

केरबा नावाच्या साळिंदराचा थोरला मुलगा गोंदा असाच एकदा नाक बाहेर काढायला गेला आणि परत आला नाही. भर दुपार होती. दाराशी कुणीतरी उभं होतं आणि सळसळ येत नव्हती. गोंदाला वाटलं, शेजारचे तातोबा आले असतील. तातोबांचे काटे कधीचेच झडून गेले होते. पण ते रानकुत्रं होतं. केरबा आत खोल झोपला होता. त्याची बायको हौसा किंचाळली तेव्हा तो जागा झाला, आणि दारापाशी पोचला तोवर तिथं नुसती उकरलेली माती होती.

कुत्र्यानं तोंडातून आवाज काढला नव्हता. ते फक्त उभं होतं. पण वस्तीत गोष्ट फिरली तेव्हा कुणीतरी म्हणालं, कुत्र्यानं म्हणे हुबेहूब तातोबांचा आवाज काढला. दुसऱ्यानं भर घातली, हल्ली ती सगळ्यांचे आवाज काढायला शिकलीत. हे ऐकून केरबाला केवढं हायसं वाटलं. आवाजानंच पोराला फसवलं असेल, तर बाप झोपला होता की जागा होता यानं काय फरक पडणार होता? तेव्हापासून तो ज्याला त्याला हेच सांगू लागला. सांगता सांगता त्याला वाटू लागलं, की तो आवाज आपण स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

"इथं राहून भागायचं नाही," एकदा उजाडताना तो हौसाला म्हणाला. "वेळ आली तर पळून जायला एक जागा पाहिजे. लांब. जिथं कुणाचा पाय लागत नाही अशी."

"लांब जाऊन तरी काय करायचंय," हौसा म्हणाली. गोंदा गेल्यापासून तिला कंद उकरायचंही जिवावर येई. "झोपायचंच तर आहे. ते इथं काय आणि तिथं काय."

"बनीसाठी म्हणतोय गं."

बनी ही त्यांची धाकटी. तिचे काटे अजून कोवळे होते, दाबले तर वाकत. हौसानं झोपलेल्या बनीकडं पाहिलं.

दोघं जागा बघू लागली. पहिली जागा डोहाजवळच्या कपारीत मिळाली. आत गारवा, उशाला पाणी, चार पावलांवर कंद. हौसाला ती बघताक्षणी आवडली. ती आत जाऊन अंग टाकून आलीसुद्धा. पण केरबा बाहेरच उभा राहून जमिनीवरचे माग बघत बसला. "पाणी आहे म्हणजे सगळेच येणार," तो म्हणाला, आणि दोघं पुढं निघाली.

दुसरी जागा एका जुन्या वडाच्या मुळांमधली पोकळी. वर एक घुबड राहत होतं. त्यानं मान वळवून खाली पाहिलं आणि म्हणालं, "या की. जागा भरपूर आहे. मलाही सोबत होईल, एकट्याला करमत नाही." हौसाला त्या बोलण्यानं बरं वाटलं. कितीतरी दिवसांत तिला कुणी 'या' म्हटलं नव्हतं. केरबा मात्र तिला बाजूला घेऊन म्हणाला, "जो आपल्याला या म्हणतो तो कुणालाही या म्हणेल." घुबड त्यांना जाताना बघत राहिलं. नंतर त्यानं मान परत फिरवली.

अशा बऱ्याच जागा झाल्या. कुठं सावली होती म्हणून नको, कुठं शेजार होता म्हणून नको, कुठून वस्ती दिसत होती म्हणून नको. जिथं राहायला कुणालाही आवडणार नाही अशी जागा केरबा शोधत होता, हे हौसाच्या उशिरा ध्यानात आलं. आणि अशी जागा एकच होती. मुलखाच्या कडेला एक बोडकं टेकाड होतं. त्यावर झाड नाही, झुडूप नाही, पाण्याचा थेंब नाही, नुसते तापलेले काळे दगड. त्याच्या माथ्याखाली खडकात एक अरुंद भुयार होतं. केरबा आत गेला, बाहेर आला, चौफेर बघितलं. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडला. "हीच," तो म्हणाला.

"इथं खायचं काय?" हौसानं विचारलं.

"इथं काय कायमचं राहायचंय? वेळ आल्यावर यायचं."

फक्त एक अडचण होती. भुयारात एक घोरपड राहत होती. शेवंताक्का तिचं नाव. तिचं वय किती ते तिलाही सांगता येत नव्हतं. केरबानं तिला जागा सोडायला सांगितलं. ती आत सरकली आणि अंग फुगवून खडकाला चिकटून बसली. घोरपड अशी बसली की तिला कुणाच्या बापालाही ओढून काढता येत नाही. केरबानंही ओढलं नाही. तो भुयाराच्या तोंडाशी पाठ करून बसला आणि काटे आत वळवून, फुलवून त्यानं सगळं ऊन अडवलं. घोरपडीला दगडाएवढंच उन्हाचं वेड. तिनं बरेच दिवस तग धरला. मग एका सकाळी आतून दमलेला आवाज आला, "सरक बाबा. अंगात गारठा भरलाय माझ्या. जाते मी."

ती बाहेर आली तेव्हा तिचे पाय लटपटत होते. "कुणापासून लपायचंय तुला?" तिनं विचारलं.

"दुसऱ्याच्या घरात घुसणाऱ्यांपासून," केरबा म्हणाला. शेवंताक्का हळूहळू पलीकडच्या दगडाच्या फटीत निघून गेली. हौसाला शरम वाटली. ती बनीला उगाच चाटत उभी राहिली.

त्यानंतर काम सुरू झालं. मागची वाट केरबानं सगळ्यांत आधी बुजवली, कारण जिथून आपण बाहेर पडू शकतो तिथून दुसरा आत येऊ शकतो. मग त्यानं टेकाडावरून एक मोठा गोल दगड शोधून काढला. तो आणायला तिघांच्या नाकी नऊ आले. भुयाराच्या तोंडाशी आतल्या बाजूला आडवा, उतरता चर खणून त्यानं तो दगड वर चढवला आणि खाली हाडाची पाचर लावली. पाचर ओढली की दगड घरंगळून थेट तोंडात बसे. बाहेरून कितीही ढकला, तो हलत नसे. आतून उघडायचा तर दोन मोठ्या साळिंदरांनी पाठ लावून वर चढवायचा, किंवा हौसानं आणि बनीनं मिळून, दोघींनी जीव खाऊन. एकीच्यानं मात्र काही केलं तरी तो हलत नसे. ते केरबानं मुद्दाम तसं केलं होतं. लहान पोर आहे, मन पाघळेल, एकटीनं उघडून बसेल.

दगड आणि खडक यांच्यामध्ये त्यानं फटी ठेवल्या. आतून पाठ लावली तर काटे बाहेर निघतील एवढ्याच त्या रुंद होत्या. हौसानं एका फटीला नाक लावून बघितलं. नाक गेलं नाही.

"हुंगायचं कसं मग?" तिनं विचारलं.

"हुंगायचं नाही," केरबा म्हणाला. "इथं हुंगणं बंद. सळसळ आली तर उघडायचं, नाही तर नाही."

हौसा काही वेळ त्या फटीकडं बघत राहिली. गोंदाचं नाक कसं होतं ते तिला आठवलं. टोकाशी एक पांढरा ठिपका होता. "बरं," ती म्हणाली.

वस्तीत ही गोष्ट लपून राहणं शक्य नव्हतं. केरबा माती लागलेल्या पंजांनी घरी परते तेव्हा सगळे चेष्टा करत. "काय केरबा, किल्ल्याचं काम कुठवर आलं? तोफा चढवल्या का?" तो पंजे झटकून बिळात शिरे. एकदा तातोबा त्याच्यासोबत चालत नाल्यापर्यंत आले. तिथं म्हातारा म्हणाला, "केरबा, उद्या काही झालं आणि मी धापा टाकत तुझ्या त्या टेकाडावर आलो, तर मला आत घेशील का रे? माझी सळसळ काही उरली नाही."

"बघू की," केरबा म्हणाला. "एवढ्यात काही होत नाही, तातोबा." तातोबा हसले आणि नाल्यावर पाणी प्यायला गेले. केरबाला त्यांचा राग आला, पण कशाचा ते त्याला सांगता आलं नसतं.

दार झालं, पण केरबाला दगडापेक्षा हौसाची धास्ती जास्त होती. म्हणून त्यानं सराव सुरू केला. दर काही दिवसांनी तो दोघींना टेकाडावर नेई, आत बसवून दार लावायला सांगे, आणि स्वतः बाहेर उभा राहून आवाज देई. "हौसा, मी आहे. उघड." पहिल्या वेळी हौसानं लगेच दगडाला पाठ लावली. बनीनंही लावली. दार उघडलं तसा केरबा इतका चिडला, की त्या दोघी भिंतीला चिकटल्या. "मी कुत्रा असतो तर?" तो म्हणाला. "आता बनी कुठं असती? सांग ना, कुठं असती?" त्या दिवशी तो काही न खाताच झोपला.

पुढच्या खेपेला त्यानं जास्त जोर लावला. जखमी असल्यासारखा विव्हळला. कुत्री मागं लागलीत म्हणाला. लग्न झाल्यावर दोघांनी मिळून जे पहिलं बीळ खणलं होतं, त्याच्या आत कुठं पाण्याचा झरा लागला होता ते सांगितलं, जे या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. हौसा डगमगली, पण उघडलं नाही. मग एकदा त्यानं ते केलं, जे त्याला स्वतःलाही करवत नव्हतं. "गोंदाची शपथ आहे तुला हौसा," तो फटीशी तोंड नेऊन म्हणाला, "मीच आहे गं. उघड."  आतून हौसाचं रडणं ऐकू आलं. बनी म्हणत होती, "आई, आबाच आहेत. आई, ढकल ना." पण दार हललं नाही. केरबानं पाठ फिरवून घरची सळसळ केली तेव्हाच आतून दगड वर सरकला. हौसा बाहेर आली. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. केरबानं तिला जवळ घेतलं आणि म्हणाला, "आता मला काळजी नाही." आणि खरंच, त्या दिवशी उन्हात तो गोंदा गेल्यानंतर पहिल्यांदा गाढ झोपला.

एक शेवटची गोष्ट त्यानं सांगून ठेवली. "ती घोरपड आपल्यावर डूख धरून असणार. तिनं काही सांगितलं तर ऐकायचं नाही." हौसानं मान हलवली. तिला आता मान हलवायची सवय झाली होती.

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. इतके, की केरबाला मधूनच वाटे, आपण उगाच त्या दोघींना दमवलं. मग एका सकाळी, ऊन नुकतं दरडीवर चढलं होतं, तेव्हा नाल्याच्या पलीकडून शीळ आली. लगेच अलीकडून दुसरी आली. केरबानं दोघींना उठवलं आणि मागच्या वाटेनं नाल्यात उतरवलं. "थांबू नका," तो म्हणाला. "वर जाऊन पाचर ओढा. मी मागून येतो. सळसळ करीन." हौसानं एकदा त्याच्याकडं बघितलं.  ती बनीला पुढं घालून निघाली.

नाला जिथं दोन खडकांमध्ये चिंचोळा होतो तिथं केरबा पाठ करून उभा राहिला. साळिंदराची लढाई अशीच असते, शत्रूकडं तोंड करून ती लढता येत नाही. कुत्री आली. तो पाठमोरा त्यांच्यावर धावला, पहिल्याच्या तोंडात मूठभर काटे घुसले आणि ते केकाटत मागं गेलं. दुसरं आलं, त्यालाही दिले. तिसऱ्यानं शेपूट धरली. केरबानं जोर लावला तेव्हा शेपटीचं टोक त्याच्या दातांत राहिलं, सळसळीच्या सगळ्या पोकळ काट्यांसकट. तो खडकाखडकांतून घुसत, वळत, पुन्हा पुन्हा पाठ देत राहिला. दर वेळी पाठ थोडी हलकी होत होती. त्याला एवढंच कळत होतं, की हे जितका वेळ चालेल तितक्या त्या दोघी वर चढतील.

कुत्री जखमा चाटायला मागं सरली तेव्हा तो पळाला. दरडीखालून जाताना तातोबांच्या बिळाचं तोंड दिसलं. त्यातून तातोबांचं म्हातारं नाक बाहेर आलं होतं आणि त्यामागं आत बरीच दाटी होती; शेजारपाजारची पोरं, एक सशाची माय, कुणी कुणी. तातोबांनी हवा हुंगली. "केरबा ना रे तू? ये, आत ये. सरका रे जरा." केरबा क्षणभर थांबला. पण हौसा आणि बनी वर होत्या, आणि दार वर होतं. तो तसाच पुढं गेला.

टेकाड चढता चढता ऊन डोक्यावर आलं. साळिंदराला ते ऊन सोसत नाही. दगड पायाला चटके देत होते. दाराशी पोचला तेव्हा त्याला उभंही राहवत नव्हतं. दगड तोंडात नीट बसला होता. त्याला आधी आनंद झाला. दोघी पोचल्या, पाचर ओढली, सगळं जसं सांगितलं तसं केलं. तो पाठमोरा झाला आणि त्यानं शेपटी हलवली.

आवाज आला नाही. त्यानं पुन्हा हलवली. मग मान वळवून मागं बघितलं. पाठ उघडीबोडकी होती, कुठं कुठं तुटक्या काट्यांची खुंटं, बाकी नुसती सोललेली लालभडक कातडी. शेपटीच्या जागी एक थोटूक होतं.

"हौसा," तो म्हणाला. "मी आहे. उघड."

आत हालचाल झाली. फटीतून कुणीतरी श्वास आत ओढल्याचा आवाज आला. हौसा आतूनच हुंगत होती. पण केरबाच्या अंगाला आता केरबाचा वास फारसा राहिला नव्हता. कुत्र्यांच्या लाळेनं तो नखशिखांत माखला होता. फटीमागचा श्वास एकदम थांबला.

"कुत्री माझ्या मागं लागली होती," केरबा म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं की हे आपण आधी म्हटलंय. "मला लागलंय," तो म्हणाला. तेही म्हटलं होतं. आपल्या पहिल्या बिळातला झरा त्याला आठवला, पण त्यानं तो सांगितला नाही. आता एकच गोष्ट उरली होती. गोंदाचं नाव घ्यायला त्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. पोराच्या नावाची शपथ त्यानं एकदा नुसत्या सरावासाठी घातली होती. आता खऱ्या वेळेला ते नाव त्याच्याजवळ राहिलं नव्हतं.

आतून बनीचा आवाज आला. "आई, आबा आहेत. मला माहितीय." मग तिच्या कोवळ्या पाठीनं दगडाला दिलेल्या धडका ऐकू आल्या. दगड हलला नाही. ती एकटी होती.

पलीकडच्या फटीतून शेवंताक्का बाहेर आली आणि दगडावर पसरली. तिनं केरबाकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. "हौसा," तिनं आपल्या दमलेल्या आवाजात हाक मारली. "तुझा नवराच आहे गं. काटे गेलेत त्याचे. मी बघतेय, उघड." दार होतं तसंच राहिलं. शेवंताक्का थोडा वेळ थांबली. "सांगून बघितलं," ती केरबाला म्हणाली. "माझं ऐकतील असं काही वाटलं नव्हतं मला. माझ्या फटीत ये म्हटलं असतं, पण तिच्यात मीच कशीबशी मावते." मग टेकाडाखालून शीळ आली तशी ती आत सरकली आणि तिनं अंग फुगवून घेतलं.

केरबाला राग आला नाही. त्याला रडूही आलं नाही, इतका तो दमला होता. आत त्या दोघी सुखरूप होत्या. कुत्री आली असती, ओरडली असती, उकरत बसली असती, तरी ते दार उघडलं नसतं. तो दाराशी बसला, ज्या तऱ्हेनं साळिंदर घरात झोपताना बसतो तसा, दाराला पाठ लावून, तोंड उताराकडं करून. खाली दगडांमधून तांबूस काहीतरी हलत वर येत होतं.

आतून सळसळ आली. हौसाची होती, त्यांच्या घरची. ती विचारत होती. केरबानं आपलं थोटूक हलवलं. ते दगडावर घासलं आणि त्याचा काहीही आवाज झाला नाही. हौसानं पुन्हा सळसळ केली, आणि वाट बघितली.

मग आत तिनं पाठ लावली. केरबानं ठेवलेल्या फटींमधून तिचे काटे एकेक करून बाहेर आले, लांब, ताठ, टोकदार, आणि त्याच्या सोललेल्या पाठीत रुतले. दगडापलीकडून तिचा आवाज ऐकू आला, अगदी जवळून. ती बनीला सांगत होती, "दाराशी आलंय काहीतरी. घाबरू नकोस. तूही लाव पाठ. आबा येईपर्यंत असंच धरून ठेवायचं."

थोड्या वेळानं त्या काट्यांच्या शेजारी आणखी काही काटे बाहेर आले. ते कोवळे होते आणि पाठीला लागताच वाकत होते. केरबा अजून थोडा मागं सरकला.